रोस्टरपासून पोस्टरपर्यंत: इमर्जन्सी मेडिसिनच्या निवासी डॉक्टरांसाठी पहिल्या कॉन्फरन्सचा वाटाड्या

कॉन्फरन्सच्या तारखा जाहीर झाल्या की आमच्या विभागातले जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाचे निवासी, येऊन विचारतात, "मॅडम, रजिस्ट्रेशन किती?" मी त्यांना सांगते, आधी त्या आठवड्याचा रोस्टर, म्हणजे ड्यूटीचा तक्ता, काढा. इतर शाखांना ठरलेली शस्त्रक्रिया दोन दिवस पुढे ढकलता येते, ओपीडीत एक टेबल कमी लावता येतं. आपली कॅज्युअल्टी मात्र चोवीस तास उघडी असते. तुम्ही गेलात तर तुमच्या जागी कोणीतरी रात्रभर उभं राहणार आहे. कॉन्फरन्सची तयारी तिथून सुरू होते.

एमडीच्या तीन वर्षांत मी चार कॉन्फरन्स केल्या. पहिली जवळजवळ वाया गेली. कुठे अर्ज करायचा, कोणतं पत्र कधी मागायचं, वर्कशॉप वेगळं असतं हे कोणी सांगितलंच नव्हतं. तुमची तशी धावपळ होऊ नये म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

आपल्या शाखेला कॉन्फरन्सची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, असं मला मनापासून वाटतं. तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली ती २००९ साली. त्यामुळे बऱ्याच कॉलेजांत हा विभाग भूलशास्त्र, मेडिसिन, सर्जरी, ऑर्थो अशा शाखांतून आलेल्या शिक्षकांनी उभा केला. त्यांनी आम्हाला जीव ओतून शिकवलं. पण इमर्जन्सीतच वाढलेला, याच शाखेची परीक्षा दिलेला शिक्षक आपल्यातल्या अनेकांना पहिल्यांदा कॉन्फरन्समध्येच भेटतो.

पायरी १. कुठे जायचं ते ठरवा

सोसायटी फॉर इमर्जन्सी मेडिसिन इंडिया, म्हणजे आपली 'सेमी', दर वर्षी राष्ट्रीय कॉन्फरन्स घेते. तिला सगळे 'एमकॉन' म्हणतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने एमकॉन किंवा राज्य पातळीवरची कॉन्फरन्स निवडावी. राज्य पातळीवर गर्दी कमी असते आणि परीक्षक पोस्टरपाशी (आपल्या अभ्यासाचा मांडलेला तक्ता) थांबून बोलतात. भारत आणि अमेरिकेतल्या इमर्जन्सीच्या शिक्षकांनी मिळून सुरू केलेली 'इंडुसेम' संशोधनाची आवड असणाऱ्यांसाठी चांगली. इमर्जन्सी मेडिसिनच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची 'आयसेम' वेगवेगळ्या देशांत फिरते. २०२३ मध्ये ती ॲमस्टरडॅमला झाली, २०२४ मध्ये तैपेईला. व्हिसा, विमान, हॉटेल हे सगळं स्टायपेंडमध्ये बसवणं कठीण, म्हणून तिचा विचार तिसऱ्या वर्षी किंवा त्यानंतर करा.

कोर्स आणि कॉन्फरन्स यांत गल्लत करू नका. बीएलएस, एसीएलएस (हृदय बंद पडलेल्या रुग्णाला वाचवण्याचे) आणि एटीएलएस (अपघातातल्या जखमींच्या उपचाराचा) हे कोर्स आहेत: ठरलेला अभ्यासक्रम, शेवटी परीक्षा आणि मुदतीचं कार्ड. एसीएलएसचं कार्ड दोन वर्षं चालतं, एटीएलएसचं चार. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर पहिल्या वर्षी कोर्स करा, कॉन्फरन्स दुसऱ्या वर्षी. एटीएलएसची सुरुवात कुठून झाली ते तुम्हाला ठाऊक असेलच. १९७६ साली नेब्रास्कातल्या एका शेतात जेम्स स्टायनर या हाडांच्या सर्जनचं छोटं विमान कोसळलं, पत्नी जागीच गेली, मुलं गंभीर जखमी झाली. जवळच्या छोट्या रुग्णालयात मुलांवर झालेले उपचार पाहून, शेतात आपण तुटपुंज्या साधनांनिशी याहून बरं करू शकलो, असं त्यांना वाटलं. दोन वर्षांत पहिला कोर्स उभा राहिला. कॅज्युअल्टीत एबीसीडीई (जखमीला तपासण्याचा ठरलेला क्रम) म्हणताना मला ही हकीकत नेहमी आठवते.

सापळा: ईमेलवर "आदरणीय प्राध्यापक, आपण आमच्या जागतिक परिषदेत प्रमुख वक्ते व्हावे" अशी निमंत्रणं येतात. जेआर वनला कोणी प्रमुख वक्ता करत नाही. आयोजक संस्था कोण, वैज्ञानिक समितीत आपल्या ओळखीच्या विभागांतलं कोणी आहे का, मागच्या वर्षी तिथे कोण गेलं होतं, ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

पायरी २. रोस्टर, रजा आणि माणसं

हे काम चार महिने आधी करा.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांनुसार वर्षाला २० दिवसांच्या पगारी रजेशिवाय ५ दिवसांची शैक्षणिक रजा मिळते. अनेकांना हे माहीतच नसतं आणि ते कॉन्फरन्ससाठी स्वतःच्या हक्काच्या रजा संपवतात. अर्जात 'शैक्षणिक रजा' असेच शब्द लिहा. कॉन्फरन्सचं पत्रक आणि ॲबस्ट्रॅक्ट (आपल्या अभ्यासाचा सारांश) स्वीकारल्याचं ईमेल जोडा, आणि आवक क्रमांक घातलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. ८० टक्के हजेरीचा हिशेब पुढे निघतो तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट जिल्हा निवासी कार्यक्रमाची. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. ते नेमके कॉन्फरन्सच्या आठवड्यात आले तर तुमच्या विभागप्रमुखांबरोबर तिथल्या अधिकाऱ्यांचीही परवानगी लागते. माझ्या एका बॅचमेटचा पेपर स्वीकारला गेला होता, नोंदणी झाली होती, आणि तिथल्या परवानगीचं पत्र वेळेवर न आल्याने ती जाऊ शकली नाही. पोस्टिंगचं वेळापत्रक आणि कॉन्फरन्सचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून पाहा.

आता रोस्टर. सगळे एकदम जाऊ शकत नाहीत. आमच्याकडे पुढे एक पद्धत पडली, ती तुम्हीही घ्या. पेपर किंवा पोस्टर असणाऱ्याचा पहिला हक्क, मग परीक्षेला बसणाऱ्या जेआर थ्रीचा, मग बाकीच्यांचा. जो मागे राहील त्याच्या नाइट जाणाऱ्यांनी आधीच करून ठेवायच्या, "आल्यावर करतो" असं म्हणायचं नाही. आल्यावर कोणी आजारी पडतं, कोणाच्या घरी लग्न निघतं, आणि ज्याने तीन नाइट ओढल्या तो वर्षभर मनात ठेवतो. रोस्टरवर बदली लिहून दोघांनी सही करा, आणि इन्चार्ज सिस्टरना आठवणीने सांगा. रात्री दोन वाजता फोन कोणाला लावायचा हे त्यांनाच ठरवावं लागतं.

पायरी ३. आपल्या कॅज्युअल्टीतला प्रश्न शोधा

पोस्टर घेऊन जा. रिकाम्या हाताने गेलात तर तुम्ही श्रोते राहता. पोस्टर असेल तर अनोळखी माणूस तुमच्यापाशी थांबतो आणि विचारतो, "हे तुम्ही कसं केलं?"

विषय मोठा लागत नाही, आपला लागतो. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचवाच्या रुग्णांशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी ठेवत होते. त्या निरीक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने विंचूदंशाच्या उपचाराची दिशाच बदलली. कोकणातल्या एका आरोग्य केंद्रातली ही गोष्ट आहे. तुमच्याकडे काय येतं? ऊसतोडीच्या हंगामातले अपघात, पेरणीच्या दिवसांतला सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, लोकलमधून पडलेले प्रवासी, १०८ च्या गाडीतून आलेले रुग्ण. जे तुम्ही रोज पाहता ते दुसऱ्या राज्यातल्या निवासी डॉक्टरने कदाचित कधीच पाहिलेलं नसतं.

पहिल्या पोस्टरसाठी मी ऑडिट सुचवते. एक मान्य मानक घ्यायचं आणि आपण त्याच्या किती जवळ आहोत ते मोजायचं. माझा विषय साधा होता. छातीत दुखत आलेल्या रुग्णाचा ईसीजी आल्यापासून १० मिनिटांच्या आत निघावा असं मार्गदर्शक तत्त्व सांगतं; आमच्याकडे किती वेळात निघतो? केसपेपरवरची वेळ आणि ईसीजीच्या पट्टीवर छापलेली वेळ यांतलं अंतर मी महिनाभर नोंदवलं. पोस्टरसमोर उभ्या असलेल्या परीक्षक मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "दोन्ही घड्याळं जुळवली होती का?" नव्हती. परत आल्यावर पाहिलं तर ईसीजी मशीनचं घड्याळ नोंदणी खिडकीच्या संगणकापेक्षा बरंच मागे होतं. सगळ्या नोंदी पुन्हा घ्याव्या लागल्या. वेळ मोजणारं कोणतंही ऑडिट करणार असाल तर पहिल्या दिवशी खिडकीचा संगणक, भिंतीवरचं घड्याळ, मॉनिटर, ईसीजी मशीन आणि डिफिब्रिलेटर यांच्यासमोर मोबाइल धरून पाचही घड्याळांतली वेळ वहीत लिहा.

पायरी ४. ॲबस्ट्रॅक्ट आणि एथिक्स कमिटी

क्रम महत्त्वाचा आहे: आधी एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनाला परवानगी देणारी कॉलेजची समिती, मग माहिती गोळा करणं, मग ॲबस्ट्रॅक्ट. पुष्कळजण उलटं करतात. ऑडिटला कमिटीच्या संपूर्ण तपासणीतून सूट मिळू शकते, पण सूट आहे हे तुम्ही ठरवायचं नसतं. तसं पत्र कमिटीकडूनच घ्यावं लागतं. कमिटीची बैठक रोज भरत नाही, म्हणून बैठकीची तारीख शेवटच्या मुदतीच्या आधी येते ना, ते पाहा.

एकाच रुग्णावरचा केस रिपोर्ट असेल तर रुग्णाची लेखी संमती घ्या, त्याला समजेल अशा भाषेत. रुग्ण घरी गेल्यावर संमती मिळवणं फार अवघड जातं. गावाचा पत्ता अर्धवट असतो, फोन दुसऱ्याचाच असतो. केस वेगळी आहे असं वाटलं की डिस्चार्जच्या आधी विचारा. एक्सरे आणि ईसीजीच्या फोटोंतून नाव, वय, नोंदणी क्रमांक काढून टाका. कोपऱ्यात छापलेला क्रमांक सहज राहून जातो.

ॲबस्ट्रॅक्टची शब्दमर्यादा बहुतेक ठिकाणी २५० ते ३०० असते. पार्श्वभूमी दोन वाक्यांत आटपा. पद्धत आणि निष्कर्ष यांना जागा द्या. "निष्कर्ष सादरीकरणात सांगितले जातील" असं लिहिलेले ॲबस्ट्रॅक्ट बाद होतात. केस रिपोर्टसाठी 'केअर' आणि निरीक्षणात्मक अभ्यासासाठी 'स्ट्रोब' या तपासयाद्या मोफत मिळतात. लिहिण्याआधी त्या समोर ठेवा. लेखकांची नावं आणि क्रम गाइडना (थिसिसच्या मार्गदर्शकांना) दाखवून त्यांच्या होकारानंतरच सबमिट करा. नाव राहून गेलेला सहकारी आणि न विचारता घातलेलं नाव, दोन्हींमुळे नंतर मनं दुखावतात.

पायरी ५. नोंदणी आणि कागदपत्रं

कॉन्फरन्सची नोंदणी आणि वर्कशॉपची नोंदणी वेगळी असते. माझी पहिली कॉन्फरन्स वाया गेली ती याच कारणाने. मुख्य नोंदणी केली, आणि तिथे पोचल्यावर कळलं की अल्ट्रासाऊंडच्या वर्कशॉपच्या जागा कधीच भरल्या होत्या. वर्कशॉप बहुतेक मुख्य कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी असतात, म्हणजे रजाही एक दिवस आधीपासून हवी.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी शुल्क कमी असतं, मात्र त्यासाठी विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याचं पत्र लागतं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. कॉन्फरन्सच्या आधीच्या दिवसाची तारीख मोजून मोबाइलवर आठवण लावून ठेवा.

जवळ ठेवायचे कागद:

- विभागप्रमुखांचं बोनाफाइड पत्र, दोन मूळ प्रती
- मंजूर शैक्षणिक रजेची प्रत
- ॲबस्ट्रॅक्ट स्वीकारल्याचं ईमेल, छापील
- एथिक्स कमिटीचं पत्र
- राज्य वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक. क्रेडिट पॉइंटसाठी (शिक्षण चालू ठेवल्याबद्दलचे गुण) तो तिथे लिहून द्यावा लागतो
- नोंदणी शुल्काची पावती, कॉलेजच्या किंवा स्वतःच्या नावाने. कॉलेज पैसे परत देत असेल तर कोणाच्या नावाने हवी ते आधी विचारा
- कॉलेजचं ओळखपत्र आणि आधार
- पोस्टरची पीडीएफ, पेनड्राइव्हवर आणि ईमेलवरही

पैशांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते. औषध कंपनीचा माणूस "तिकीट आम्ही काढतो" म्हणाला तर नाही म्हणा. डॉक्टरांनी कंपन्यांकडून प्रवास, भेटवस्तू घेऊ नयेत हा नियम २००९ च्या डिसेंबरपासून आचारसंहितेत आहे. स्टायपेंड वेळेवर येत नाही तेव्हा हा मोह किती मोठा असतो ते मी पाहिलं आहे. त्यापेक्षा चौघांनी मिळून एक खोली घ्या, जवळच्या शहरातली कॉन्फरन्स निवडा, किंवा आयोजकांना लिहून विचारा. स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्यांना कधी कधी शुल्कात सवलत मिळते.

पायरी ६. पोस्टर आणि बोलणं

आधी छापील पोस्टर आहे की ई-पोस्टर ते पाहा. ई-पोस्टर म्हणजे पडद्यावर दिसणारी एकच आडवी स्लाइड. छापील असेल तर मापं आयोजक देतात, ती उभी की आडवी हे दोनदा वाचा. फ्लेक्सपेक्षा मॅट कागद बरा, दिव्यांची चमक पडत नाही. तीन पावलं मागे जाऊन शीर्षक आणि निष्कर्ष वाचता आले पाहिजेत.

बोलण्याचा सराव विभागातल्या सिस्टरसमोर करा. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी माझी तालीम मायनर ओटीत ड्रेसिंगचे ट्रे लावता लावता ऐकली आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही काय मोजलंत ते शेवटी सांगता. पहिलंच सांगा की." त्यांचं बरोबर होतं. तेवढा एक बदल केला आणि सहा मिनिटांचं बोलणं चार मिनिटांत बसलं.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची भीती असते. मलाही होती. पहिली तीन वाक्यं पाठ करा. तेवढ्यात घसा मोकळा होतो, पुढचं येतं. प्रश्न कळला नाही तर "पुन्हा विचाराल का?" म्हणण्यात कमीपणा नाही. समोरचा परीक्षक केरळचा, तमिळनाडूचा किंवा पंजाबचा असतो; इंग्रजी त्याचीही शिकलेलीच भाषा आहे. उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा. माहीत नसताना दिलेलं उत्तर परीक्षकांना लगेच कळतं.

पायरी ७. ते तीन दिवस

एकाच वेळी तीन-चार सभागृहांत कार्यक्रम चालू असतात. आदल्या रात्री दिवसाचं पत्रक घेऊन बसा आणि रोज दोनच सत्रं पक्की करा. पुस्तकात मिळणारी व्याख्यानं सोडा. जिथे दोन जाणकार एकमेकांशी वाद घालतात, जिथे फसलेल्या केसची चर्चा होते, जिथे हातात सोनोग्राफीचा प्रोब किंवा श्वासनलिकेत नळी घालताना लागणारा व्हिडिओ लॅरिंगोस्कोप मिळतो, तिथे जा. वर्कशॉपमध्ये एका मशीनमागे किती जण आहेत ते पाहा. जास्त असतील तर जेवणाच्या सुट्टीत शिक्षकांना विनंती करा. मला ई-फास्टमध्ये (जखमी रुग्णाच्या झटपट सोनोग्राफीत) फुप्फुसाची सरकती रेषा नीट दिसली ती अशाच एका जेवणाच्या सुट्टीत. एका सरांनी ताट बाजूला ठेवलं आणि माझ्या मनगटाचा कोन दोन बोटांनी सरळ केला. वर्षभर मी प्रोब तिरका धरत होते.

जेआर वनने क्विझ आणि सिम्युलेशनच्या स्पर्धा प्रेक्षकांत बसून बघाव्यात. संघ कसा बोलतो, नेता औषधाचं नाव आणि मात्रा मोठ्याने कशी सांगतो, दुसरा ती परत कशी उच्चारतो, हे पाहण्यासारखं असतं.

दुसऱ्यांच्या पोस्टरपाशी जा. तुमच्यासारखाच निवासी तिथे एकटा उभा असतो. त्याच्या विभागात ट्रायाजला (आधी कोणाला पाहायचं ते ठरवायला) कोण बसतं, रात्री सीटी कोण वाचतं, सिनियर किती वाजता येतो, हे विचारा. कोणत्याही व्याख्यानात न मिळणारी माहिती इथे मिळते.

हजेरीचं स्कॅनिंग रोज करा, सहसा दिवसातून दोनदा असतं. ते राहिलं तर क्रेडिट पॉइंट मिळत नाहीत. आणि शेवटच्या दिवशी रात्रीच्या गाडीने निघून सकाळी आठला ड्यूटीवर उभं राहायचा बेत आखू नका. मी तसं केलं होतं, आणि त्या सकाळी एका मुलाच्या औषधाची मात्रा लिहिताना दशांशचिन्ह चुकलं. सिस्टरनी देण्याआधी थांबून विचारलं म्हणून निभावलं. परतीनंतरचा अर्धा दिवस रोस्टरवरच मागून घ्या.

पायरी ८. परत आल्यावर

पहिल्या आठवड्यात प्रमाणपत्रं लॉगबुकला लावा, गाइडची सही घ्या, आणि सादरीकरणाची नोंद थिसिसच्या फाइलमध्ये ठेवा. परीक्षेच्या अर्जाच्या वेळी हे कागद शोधत हिंडणारे निवासी दर वर्षी दिसतात.

मग विभागात पंधरा मिनिटं मागा आणि जे मागे राहिले होते त्यांना तीन गोष्टी सांगा. त्यातली एक अशी निवडा की जी पैसे न मागता उद्यापासून करता येईल. आमच्याकडे ती ईसीजी मशीनच्या घड्याळाची होती. आता दर सोमवारी सकाळच्या हँडओव्हरला जेआर वन मोबाइल हातात घेऊन पाचही घड्याळं जुळवतो आणि रजिस्टरच्या पहिल्या पानावर वेळ टाकून सही करतो.